झाडं ओळखायला आणि मोजायला शिकवणारा सहा वीकेंडचा कोर्स: माझा अनुभव

कोर्स संपून महिना झाला, आता लिहायला बसलेय. संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, शेवटच्या दिवशी सगळेच भारावलेले असतात. महिनाभर एकटीने वही घेऊन फिरल्यावर आता कळतंय की डोक्यात काय राहिलं आणि काय उडून गेलं.

मी कॉमर्सवाली, बॉटनीशी संबंध शाळेपुरता. झाडांची आवड मात्र लहानपणापासूनची, फोनमध्ये पानाफुलांचे शेकडो फोटो, पण कुणी "हे कुठलं झाड गं?" विचारलं की नेहमीची दहा-पंधरा सोडून गाडी अडायची. म्हणून हा कोर्स घेतला. सहा वीकेंड, शनिवारी पहाटे सुरू, रविवारी दुपारी संपतो, बहुतेक वेळ जंगलातच. शिकवायला एक मॅडम आणि एक काका. काकांनी सगळी उमर रोपवाटिका आणि झाडमोजणीच्या कामावर काढलेली. संस्थेचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्या मी त्यांना वेगळ्या मेलने कळवल्यात.

सगळ्यात आधी जी गोष्ट मला या कोर्सची जान वाटली ती सांगते. पहिल्या सकाळी मॅडमनी नियम घातला की झाडासमोर उभं राहिल्यावर पहिली दहा मिनिटं कुणीही नाव घ्यायचं नाही. माहीत असलं तरी नाही, आणि फोन बॅगेत. आधी वहीत लिहायचं: पानं समोरासमोर की एकाआड एक, साधं पान की संयुक्त (एकाच देठावर पानासारख्या दिसणाऱ्या अनेक पर्णिका), देठ किती लांब, साल कशी, कोवळ्या फांदीवर नखाने खरवडलं तर आत रंग काय, चीक येतो का, चुरगळल्यावर वास येतो का. हे सगळं झालं की मग नाव. आमच्यात दोघं-तिघं बरंच माहीत असलेले होते, त्यांना हे फार जाचक वाटलं, एक दादा तर पहिल्या दिवशी चिडलेच होते. पण मला विचाराल तर याच एका नियमासाठी कोर्स करावा. नाव कळलं की डोळे बघायचं थांबवतात हो, खरंच. मी इतकी वर्षं नाव विचारायचे, "अच्छा, ऐन का" म्हणायचे आणि पुढे चालायला लागायचे, आणि पुढच्या ऐनासमोर पुन्हा कोरी पाटी.

हा ऐनच घ्या. पहिले दोन वीकेंड भर पानगळीत होते, निम्मी झाडं बोडकी. मला वाटलं पानंच नाहीत तर शिकायचं काय, फसलो आपण. तर मॅडम म्हणाल्या की पानगळ हाच सालीचा सीझन. ऐनाची साल काळपट, खोल भेगा पडून चौकोन चौकोन झालेली, मगरीची पाठ म्हणतात ते तंतोतंत. त्याच्याच घराण्यातला अर्जुन, तो एकदम गुळगुळीत, फिकट, सालीचे पातळ पापुद्रे सुटतात. टेंभुर्णीची सालही काळी आणि चौकोनी भेगांची, ऐनाशी गल्लत होते, मग दोन्हींवर हात ठेवून, डोळे मिटून फरक शोधायचा. कांडोळ मात्र लांबूनच कळतो, पांढरा कागदी सालीचा, संध्याकाळी बाकी जंगल अंधारात गेलं तरी तो दिसत राहतो. पानं असती तर यातलं काहीच मी बघितलं नसतं, कारण माझी नजर सरळ पानांवर गेली असती. पुढे पालवी आल्यावर त्याच ऐनांकडे परत नेलं आणि पान उलटं करून देठाजवळ, मधल्या शिरेच्या बाजूला, चामखिळीसारख्या दोन गाठी दाखवल्या. साल आणि या दोन गाठी, आता ऐन चुकत नाही.

दुसरी मजा तीन पानांची. पळसाला पानं तीनच ही म्हण आपण कुठेही गेलं तरी तेच या अर्थाने वापरतो, पण मॅडमनी ती ओळखीचा धडा म्हणूनच समोर ठेवली. तीन पानं म्हणजे खरं तर एकाच पानाच्या तीन पर्णिका, आणि अशा तीन पर्णिकांची झाडं पाच निघाली: पळस, पांगारा, बेल, वायवर्ण आणि तिवस. पाचही फांद्या चादरीवर ठेवल्या आणि आम्हाला वेगळं करायला लावलं. पान उजेडाकडे धरलं की बेलात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, तेलाच्या ग्रंथी असतात त्या, शिवाय वास आणि काटे. पांगाऱ्याच्या पर्णिका त्रिकोणी आणि सालीवर काटे. वायवर्णाच्या तिन्ही पर्णिका देठाच्या टोकावर एकाच बिंदूतून निघतात, पळसात मात्र मधली पर्णिका स्वतःच्या लांब देठावर पुढे गेलेली असते, आणि पान जाड, चामड्यासारखं. तिवस सगळ्यात शेवटी राहिला आणि कुणालाच आला नाही. त्या चादरीवर दीड तास गेला आणि कुणालाही कंटाळा आला नाही.

पर्णिका आणि पान यातला फरक कसा ओळखायचा, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. पानाच्या बगलेत, म्हणजे देठ फांदीला जुळतो त्या कोपऱ्यात, कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. एवढंच. फांदीवरून मागे मागे येत जायचं, जिथे बगलेत कळी सापडली तिथे पान सुरू. कळी एवढीशी असते की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि इथे लेन्स कामाला येते.

लेन्सबद्दल थोडं जास्त लिहिते कारण कोर्सच्या किटमध्ये १०एक्सची घडीची भिंग-लेन्स मिळते आणि निम्मे लोक ती चुकीची धरत होते, मी पण. आपण सिनेमातल्या डिटेक्टिव्हसारखी लेन्स वस्तूजवळ धरतो आणि डोळा लांब ठेवतो. असं नाही करायचं. लेन्स डोळ्याला जवळजवळ चिकटवायची, हात गालावर टेकवायचा म्हणजे हलत नाही, आणि पान हळूहळू लेन्सकडे आणायचं, साधारण अडीच सेंटिमीटरवर आलं की अचानक सगळं स्वच्छ दिसतं. मी पहिल्यांदा असं बघितलं ते हेदूच्या फांदीचं टोक होतं. समोरासमोरच्या दोन देठांच्या मधोमध, फांदीवर, इवलंसं उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं छोटं अंग. ते गळून गेलं असेल तिथे दोन देठांना जोडणारी बारीक रेघ. कदंब, कळंब, हेदू ही सगळी एकाच कुळातली, आणि समोरासमोर साधी पानं अधिक मधली ही रेघ दिसली की कुळ सापडलंच समजायचं. मग हृदयासारखा तळ असलेलं गोलसर पान म्हणजे हेदू, वगैरे पुढची पायरी. पण आधी कुळ. मॅडम सारखं म्हणायच्या, घर ओळखा मग माणूस ओळखा. वड, पिंपळ, उंबर यांच्या फांदीवर प्रत्येक पेरावर अंगठीसारखी गोल खूण असते आणि तोडलं की पांढरा चीक. सागाची कोवळी फांदी चौकोनी आणि कोवळं पान बोटात चोळलं की बोटं लाल. ही अशी माहिती एकदा हाताने केली की विसरत नाही.

काकांकडून शिकले ते वेगळंच. काका कागदावर काही लिहीत नव्हते, "ताई, हात लावा" एवढंच म्हणायचे. बिब्याच्या बाबतीत मात्र पळत येऊन हात मागे ओढला. बिब्याचा चीक हवेत काळा पडतो आणि कातडीला लागला तर फोड येतात, म्हणजे प्रत्येक झाडाचा चीक चाखून-चोळून बघायचा उत्साह इथे अंगाशी येतो. बिबळ्याच्या सालीतून लाल डिंक येतो तोही त्यांनीच दाखवला, पण जुन्या जखमेवर सुकलेला. पूर्वी कोयत्याने सालीवर घाव घालून आतला रंग बघायची पद्धत होती, इथे कोयता कुणाच्याच हातात दिला नाही आणि तेच मला योग्य वाटलं. वीस-पंचवीस शिकाऊ लोकांनी प्रत्येक बॅचला त्याच झाडांना घाव घातले तर त्या झाडांचं काय होईल. एका नखभर फांदीत भागत असेल तर खोडाला हात लावूच नये.

आता मोजणीचा भाग. माझी मोठी तक्रार इथेच आहे आणि मोठा आनंद पण.

घेर मोजणं सोपं वाटतं ना? टेप गुंडाळली, आकडा वाचला. पण आपल्याकडे तो जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात, बऱ्याच देशांत १.३ वर, आणि याला छातीच्या उंचीवरचा घेर म्हणतात. माझ्या बाबतीत १.३७ हनुवटीला येतं! म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाने आपल्या अंगावर ती उंची कुठे येते ते काठीने बघून ठेवलं, आता मला काठी लागत नाही. उतारावर झाड असेल तर वरच्या अंगाला उभं राहून मोजायचं. खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगलं असेल तर दोन झाडं धरायची. टेप तिरकी गेली तर घेर जास्त येतो, वेल अडकली असेल तर वेलीखालून टेप घालायची. घेराला ३.१४ने भागलं की व्यास. हे सगळं छान शिकवलं, प्रत्येकाने पन्नासेक झाडं तरी मोजली असतील.

उंचीच्या वेळी मात्र गडबड झाली. बॅचमध्ये सव्वीस जण आणि क्लायनोमीटर (शेंडा किती अंशांच्या कोनात दिसतो ते मोजायचं उपकरण, तो कोन आणि अंतर यावरून उंची काढतात) चार. म्हणजे एकेकाच्या वाट्याला दिवसभरात जेमतेम दोन-तीन झाडं. मी माझं पहिलं झाड दहा मीटरवरून बघितलं, कोन आला ६८ अंश, हिशोब केला तर उंची सव्वीस मीटर निघाली. काका म्हणाले एवढं नाही ते. मग वीस मीटर मागे गेले, शेंड्याचा कोन ४०, बुंध्याचा खाली ४, म्हणजे वर १६.८ आणि खाली १.४, मिळून अठरा मीटर. आठ मीटरचा फरक! जवळून बघताना मी शेंडा बघतच नव्हते, माझ्या बाजूला पसरलेल्या फांदीचं टोक बघत होते, ते माझ्या जवळ असल्यामुळे कोन फुगला. म्हणून झाडाच्या अंदाजे उंचीइतकं तरी लांब जाऊन उभं राहायचं. ही चूक मी स्वतः केली नसती तर मला कधीच कळली नसती, आणि माझं म्हणणं हेच आहे की सगळ्यांना ही चूक करायला वेळ मिळायला हवा होता. आमच्यातल्या कितीतरी जणांनी दुसऱ्याचा आकडा वहीत उतरवून घेतला. एवढे पैसे घेताय तर दोघांत एक क्लायनोमीटर द्या, नाहीतर बॅच पंधराची ठेवा. उपकरण कमी पडणार हे माहीत होतं तर निदान काठीची पद्धत तरी आधी शिकवायची: हाताच्या लांबीएवढी काठी उभी धरायची आणि ती झाडाइतकी दिसेपर्यंत मागे जायचं, तुमचं आणि बुंध्याचं अंतर म्हणजे साधारण झाडाची उंची. ती शेवटच्या दिवशी जाता जाता सांगितली.

प्लॉट, म्हणजे झाडं मोजायला जमिनीचा ठरावीक मापाचा तुकडा, आखणं फार आवडलं. शंभर चौरस मीटरचा गोल प्लॉट हवा तर त्रिज्या ५.६४ मीटर, मधोमध खुंटी ठोकून दोरीने फिरायचं. चौकोन हवा तर काटकोन आणायला तीन-चार-पाचचा त्रिकोण, शाळेतलं गणित इतक्या वर्षांनी दोरीला बांधलेलं बघितलं. उतारावर दोरी जमिनीला समांतर ठेवली तर प्लॉट लहान पडतो, तीस अंशांच्या उतारावर वीस मीटर दोरी म्हणजे आडवं अंतर फक्त १७.३ मीटर. आणि पावलं मोजणं! शंभर मीटरला माझी सपाटीवर बहात्तर जोडपावलं, चढावर एक्क्याऐंशी. हे आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत, रोज कामाला येतात.

आणि बिटरलिखची पद्धत, ही मला जादूच वाटली. वॉल्टर बिटरलिख हे ऑस्ट्रियाचे वनअधिकारी, त्यांनी १९४८मध्ये ही मांडली. एक सेंटिमीटर रुंद पट्टी पन्नास सेंटिमीटर दोरीला बांधायची, दोरीचं दुसरं टोक डोळ्याजवळ, आणि एका जागी उभं राहून गोल फिरत प्रत्येक झाडाचं खोड त्या छातीच्या उंचीला पट्टीशी लावून बघायचं. खोड पट्टीपेक्षा रुंद दिसलं तर मोजा, बारीक दिसलं तर सोडा. जितकी झाडं मोजली तितके चौरस मीटर खोडांच्या छेदाचं क्षेत्रफळ दर हेक्टरी. बस. एकही टेप न लावता. आमचे चौदा आले. मग त्याच भागात प्लॉट आखून, घेर घेऊन, तासभर हिशोब करून बघितलं तर आकडा जवळपास तोच. का असं होतं ते मॅडमनी जमिनीवर काडीने काढून दाखवलं, जाड झाड लांबूनही मोजलं जातं, बारीक झाड जवळ असेल तरच, म्हणजे प्रत्येक झाड स्वतःच्या जाडीप्रमाणे स्वतःचा प्लॉट घेऊन येतं. मी त्या रात्री दोरीची पट्टी स्वतः बनवली, अजून पर्समध्ये आहे.

ॲपबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते. कोर्समध्ये फोनला बंदी नाही, फक्त तो शेवटी. आयनॅचरलिस्टवर नोंद कशी टाकायची ते शिकवलं, हे २००८मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेलं, आणि त्यात दुसरे लोक तुमची ओळख तपासतात, दोन-तृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत लागतं हे मला चांगलं वाटतं. पण फोटो नीट हवेत: अख्खं झाड, साल, पानाची दोन्ही अंगं, फांदीचं पेर. नुसतं एक सुंदर पान टाकून नाव मागायचं नाही. मी एका दुसऱ्या ॲपवर एकाच झाडाचे दोन फोटो टाकले होते, सावलीतल्या पानाला एक नाव आलं आणि उन्हातल्या पानाला दुसरं. जगात झाडांच्या साठ हजारांवर जाती आहेत, एका पानावरून कुणी किती सांगणार. रोपाची पानं तर मोठ्या झाडापेक्षा अगदी वेगळी असू शकतात.

बाकी तक्रारी. नोट्सची पीडीएफ कोर्स संपल्यावर मिळाली, ती आधी हवी. तिच्यात स्थानिक नावांच्या शेजारी शास्त्रीय नावं काही ठिकाणी नाहीतच, आणि यानेच घोळ होतो. अंजन आणि अंजनी ही नावं एका मात्रेच्या फरकाची पण झाडं दोन वेगळ्या कुळांतली, शास्त्रीय नाव शेजारी नसेल तर वाचणारा हमखास फसतो. चौथ्या शनिवारची सकाळ बंद खोलीत स्लाइड बघण्यात गेली, बाहेर इतकं सुंदर ऊन असताना. आणि शेवटची परीक्षा वाळवून चिकटवलेल्या पानांवर घेतली, ते मला अजिबात पटलं नाही. सहा वीकेंड साल, वास, चीक, फांदीचा आकार शिकवता आणि परीक्षेला सपाट तपकिरी पान ठेवता? ज्यांनी पाठ केलं त्यांना मार्क मिळाले. आमच्या गटातली एक मुलगी, जंगलात वीस पावलांवरून सालीवरून झाड सांगायची, ती त्यात मागे पडली आणि तिचा चेहरा उतरलेला मला बघवला नाही. हे त्यांनी बदलायलाच हवं, मेलमध्ये मी हेच सगळ्यात आधी लिहिलंय.

पावसाळ्यातला एक तरी वीकेंड हवा होता, हीपण सूचना केली आहे. आमच्या प्लॉटमध्ये सदतीस नंबरचं झाड आहे, वहीत त्याच्या सगळ्या रकान्यांत लिहून झालंय, पानं समोरासमोर, चीक नाही, कोवळ्या फांदीवर बारीक लव, घेर ८४ सेंटिमीटर, नावाचा रकाना मात्र रिकामा, मॅडमनीही फूल बघितल्याशिवाय सांगणार नाही म्हणून सांगितलं आणि ते मला फार आवडलं. पण फूल यायच्या आत कोर्स संपला. मी जाऊन बघणार आहेच, बॅचमधल्या चौघीजणी मिळून जाणार आहोत.

कुणी करावा? ज्यांना चालायची तयारी आहे आणि एका झाडासमोर अर्धा तास उभं राहायची तयारी आहे त्यांनी नक्की. पटापट शंभर नावं हवी असतील तर नको, मला सहा वीकेंडमध्ये पक्की अशी बेचाळीस झाडं आली, तेवढीच. वनखात्याच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांना मोजणीचा भाग उपयोगी पडेल पण त्यांनी क्लायनोमीटरवर हात बसवायला वेगळा वेळ काढावा लागेल. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो परीक्षा आणि उपकरणांसाठी.

जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, खाजकुइली अंगाला लागली तर दिवस वाया जातो. वही जाड पुठ्ठ्याची घ्या आणि पेन्सिल न्या, पेनाची शाई दवाने पसरते. आणि लेन्स मिळाल्या मिळाल्या तिला लाल दोरी बांधून गळ्यात घाला, माझी दुसऱ्याच दिवशी पाचोळ्यात पडली, आम्ही पाच जणांनी अर्धा तास शोधली, नाही सापडली.